सांडूचं दळण

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१२ जून २०२५

रत्नमालाताई मगरे यांस नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. मी रामकिसन जिवरग. मूळचा फुलंब्री तालुक्यातला, आता औरंगपुऱ्यात मुलाच्या स्टेशनरीच्या दुकानावर बसतो. पूर्वी फौजेत होतो. नव्व्याण्णवच्या कारगिलच्या लढाईत पायाला लागलं, तेव्हापासून हातात काठी आहे. तोफांच्या आवाजानं कानही तेव्हापासून अधू झाले. आता डाव्यानं काहीच ऐकू येत नाही आणि उजवा नावापुरता उरलाय, म्हणून फोन न करता लिहितोय.

मागल्या महिन्यात एका लग्नासाठी पैठणला निघालो होतो. तुमच्या बोरटाकळीच्या फाट्यावर एसटी थांबली. चहाच्या टपरीशेजारी एक फ्लेक्स होता: ‘शहीद गोकुळ सांडू हिवराळे, फील्ड ॲम्ब्युलन्स, यांचे नाव गावच्या अभ्यासिकेला द्या.’ फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे लढाईतून जखमींना उचलून आणणारी तुकडी. त्या माणसांशी माझा संबंध आलेला आहे, म्हणून मी खाली उतरलो. फ्लेक्स लावणाऱ्या युवक मंडळाच्या पोरांनी सांगितलं की गोकुळ यांची थोरली बहीण बजाजनगरला असते, आणि तुमचा पत्ता दिला.

एकच विचारायचं आहे. तुमच्या भावाला गोळी कुठं लागली होती? अंगावर कोणत्या जागी?

का विचारतो ते आज सांगत नाही. तुमचं उत्तर आलं की सांगेन. राग मानू नये.

आपला,
रामकिसन जिवरग


बजाजनगर
२० जून २०२५

रामकिसन जिवरग,

पत्र मिळालं. नमस्कार-चमत्कार लिहीत नाही, कारण तुम्ही कोण आहात हे मला ठाऊक नाही.

माझा भाऊ जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी एक अनोळखी माणूस पत्र पाठवतो, त्यात ना दोन शब्द दुःखाचे ना आईची चौकशी, आणि विचारतो काय, तर गोळी कुठं लागली! असा प्रश्न कुणाला सहज सुचत नाही. आमच्या गावात हा प्रश्न ठरावीक माणसं विचारतात, आणि तीसुद्धा आमची पाठ फिरल्यावर. म्हणून आडपडदा न ठेवता विचारते. तुम्हाला कडुबानं लिहायला लावलं का?

कडुबा हिवराळे हा माझा चुलतभाऊ. येत्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत अभ्यासिकेच्या नावाचा ठराव येणार आहे. गावची पोरं तिथं बसून भरतीचा अभ्यास करतात, त्यांनी आपण होऊन गोकुळचं नाव धरलं. परके लोक काही बोलले नाहीत, आडवा आला तो आमच्याच भाऊबंदातला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते उगीच नाही.

माझी आई सरूबाई अजून गावातच राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला वाचता कधी आलंच नाही आणि आता दिसतही नाही. तरी म्हणते, "पाटी लागली की मला तिथं नेऊन उभी कर. म्या हातानं चाचपून बघंन." तेवढ्या एका गोष्टीसाठी ती जीव धरून बसली आहे. मध्ये कुणी काडी घातली तर मी त्याला सोडणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गोळी छातीवर लागली. समोरून. हे पत्र जपून ठेवा आणि ज्याला दाखवायचं त्याला खुशाल दाखवा.

यापुढं काही विचारायचं असेल तर पत्रानंच विचारा. जे काय असेल ते कागदावर असू द्या. गोड बोलून गळा कापणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

रत्नमाला मगरे


औरंगपुरा
२७ जून २०२५

रत्नमालाताई, नमस्कार.

कडुबा नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही. मला कुणी लिहायला लावलेलं नाही. माझ्या प्रश्नानं तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दोन शब्द दुःखाचे लिहायला हवे होते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. फौजेतला माणूस, आधी कामाचं बोलतो आणि मग चुकलं म्हणतो.

तुमच्या भावाला छातीवर लागली म्हणता, तर मग मी शोधतोय ते हे नव्हेत. मी ज्यांना शोधतोय त्यांना मागून लागली होती, पाठीत. फ्लेक्सवरच्या नावात एक शब्द होता, त्या शब्दानं मला आशा लावली. आपल्या जिल्ह्यात तसं नाव गावोगावी सापडतं, हे मला कळायला हवं होतं.

पंधरा ऑगस्टला ठराव पास होवो. आईंना माझा नमस्कार सांगा. पुन्हा त्रास देणार नाही.

रामकिसन जिवरग


बजाजनगर
८ जुलै २०२५

रामकिसन जिवरग,

तुम्ही विषय मिटवलात, पण माझ्या डोक्यात आता तो सुरू झाला आहे.

‘पाठीत’ हा शब्द तुम्हाला कुणी दिला? तुम्ही कडुबाला ओळखत नाही, गावात फक्त एसटीतून उतरलात, आणि नेमका तोच शब्द लिहिलात? मला इतकी भोळी समजू नका. पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बोरटाकळीला गेले. कडुबा ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मी पत्र त्याच्यापुढं धरलं. तो म्हणाला, "कोण जिवरग? फुलंब्रीत माझं कुत्रंबी नाय. आन् मी जे बोलतो ते उघड बोलतो, पत्रं लिहून नाय बोलत." खोटं बोलताना तो नाक खाजवतो, लहानपणापासूनची सवय आहे. त्या दिवशी खाजवलं नाही. पण माणूस म्हातारपणी सवयी बदलतोसुद्धा.

येताना फाट्यावर पाहिलं, तर फ्लेक्स जागेवर नाही. दोऱ्या कापलेल्या, बांबू नुसते उभे. हेही आपोआप झालं असेल, नाही का?

आणि आणखी एक सांगते. शनिवारी मी तुमच्या दुकानात येऊन गेले. शेअर रिक्षानं औरंगपुऱ्यात उतरले, विचारत विचारत गल्ली शोधली. तुमच्याकडे निळा पेन मागितला. तुम्ही चिकटपट्टी काढून दिलीत. पुन्हा पेन म्हटलं तर आणखी मोठी चिकटपट्टी काढलीत. शेवटी तुमची सून आतून आली आणि हसून म्हणाली, "काकू, बाबांना ऐकू येत नाही, लिहून देत जा." तुम्ही काठीवर जोर देऊन उठलात तेही पाहिलं. म्हणजे कानाचं खरं आहे, पायाचं खरं आहे. बाकीचं अजून तपासायचं आहे.

तुम्ही शोधताय तो माणूस कोण? त्याला कसा ओळखता? सगळं लिहा. अर्धवट सांगून पळ काढू नका.

रत्नमाला मगरे


औरंगपुरा
१५ जुलै २०२५

रत्नमालाताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून सून मोनिका हिला विचारलं. ती म्हणाली, "हो, त्या काकू आल्या होत्या. तुमच्याकडं अशा बघत होत्या, जसं काही तुम्ही त्यांची चप्पल चोरलीय." असो. आता सांगतो.

आमची पलटण डोंगर चढत होती. शिखर शत्रूच्या ताब्यात. निम्म्यावर मला मांडीत लागलं आणि मी दगडांत पडून राहिलो. बराच वेळ गेल्यावर फील्ड ॲम्ब्युलन्सचे दोघं स्ट्रेचर घेऊन वर आले. पुढचा पहाडी मुलखातला, त्याची हिंदीही मला धड कळत नव्हती. मागचा मराठी होता. मराठी म्हणजे थेट आपल्याकडचं मराठी. त्या उजाड डोंगरात ‘व्हय’ आणि ‘नाय’ ऐकून मला इतका आधार वाटला की मी लहान पोरासारखा रडलो.

उतारावरून स्ट्रेचर खाली नेताना जखमीचे पाय पुढं ठेवतात आणि डोकं मागं. म्हणजे मागचा माणूस माझ्या डोक्याशी होता. मला त्याची फक्त हनुवटी दिसायची, तीही खालून. चेहरा असा मी पाहिलाच नाही, त्यामुळे फ्लेक्सवरच्या फोटोवरून मला काही ओळखता येईना.

आता तुम्हीच बघा. शत्रू वर. आम्ही खाली निघालेलो. मागच्या माणसाची पाठ कुणीकडे असणार? माझ्या आणि त्या शिखराच्या मध्ये त्याच्या अंगाशिवाय दुसरं काही नव्हतं. दोन्ही हातांत दांडे. वळून बघता येत नाही, आडोशाला पळता येत नाही, बंदुकीला हात लावता येत नाही. ताई, चढून जाणाऱ्याला गोळी छातीवर लागते. उचलून आणणाऱ्याला ती पाठीतच लागते. त्याला तशीच लागली. त्यापुढचं आज लिहवत नाही.

मी दवाखान्यात महिनोन् महिने होतो. तिथं ज्याला त्याला विचारलं, पण नाव कळलं नाही. पुढचा सोबतीही कुठं गेला ते समजलं नाही. काही वर्षांनी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या घरी गेलो, त्यांचाही मुलगा फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये गेला होता. मी आधी सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्याचे वडील म्हणू लागले, "हो, हो, आमचाच. तो असाच बोलायचा." मी पाया पडलो. पुढं कळलं की त्यांचा मुलगा भलत्याच ठिकाणी आणि त्याच्या कितीतरी आधी गेला होता. ते खोटारडे नव्हते. त्यांना तो माणूस आपला असायला हवा होता. पण तेव्हापासून मी आधी विचारतो आणि मगच सांगतो.

आता माझा संशय ऐका. मी तुम्हाला फक्त ‘कुठं’ असं विचारलं होतं. तुम्ही ‘छातीवर’ लिहून थांबला नाहीत, वर ‘समोरून’ असं जोडलंत. न विचारलेलं माणूस उगीच सांगत नाही.

तो माणूस मला नेताना सारखं एक वाक्य म्हणायचा. ते मी लिहिणार नाही. तुम्ही मला सांगा, तुमचा भाऊ ओझं वाहताना काही म्हणायचा का? आठवलं तर लिहा. नसेल आठवत तर तसं लिहा, पण बनवून लिहू नका.

रामकिसन जिवरग


बजाजनगर
३० जुलै २०२५

रामकिसनभाऊ,

तुमचं पत्र वाचून आधी फाडायला घेतलं. मग घडी करून देव्हाऱ्यासारखी जी आमची बाबासाहेबांच्या फोटोची जागा आहे, तिथं ठेवलं. आज उत्तर लिहायला बसले.

मी खोटं लिहिलं. गोळी पाठीत होती.

पेटी आली तेव्हा सोबतच्या जवानांनी सांगितलं होतं की उघडू नका. आई हटून बसली. "माझं लेकरू हाय, मला तोंड बघू द्या." शेवटी उघडली. आईनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. अंगावरचा कपडा सारखा करायला कडुबानं पाठीखाली हात घातला, आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं तेव्हा मोठ्यानं काही म्हटलं नाही. पण रात्रीपर्यंत गावभर झालं की गोळी पाठीत आहे. पाठीत आहे म्हणजे पाठ दाखवली. पाठ दाखवली म्हणजे पळत होता. एवढं सरळ गणित. फौजेच्या कागदावर ‘कर्तव्य बजावताना’ एवढंच होतं, आणि तेवढ्यानं गावाचं तोंड बंद होत नाही.

तेव्हापासून आमच्या घरानं एक उत्तर पाठ केलं, छातीवर, समोरून. आईलाही तेच सांगितलं. ती काही बोलली नाही. मी स्वतः, त्याची सख्खी बहीण, ते उत्तर इतक्यांदा दिलं आणि मनात मात्र दर वेळी वाटायचं, खरंच पळत असेल का रे तू? हे मी आजवर नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. आणि तुम्ही पहिल्याच पत्रात नेमकं तिथंच बोट ठेवलंत. मग मी चवताळणार नाही तर काय करणार?

तुमचं ते उताराचं वाचल्यावर मी घरातला पाट दोन्ही हातांनी धरून जिन्यावरून खाली उतरून पाहिलं. मागं वळून बघता येत नाही. खरंच येत नाही.

आता ओझ्याचं. तो एक गोष्ट म्हणायचा. तुम्हाला हवी ती हीच का, हे मला माहीत नाही, आणि मी काही बनवत नाही.

आमच्या लहानपणी गावात गिरणी नव्हती. दळण घेऊन शेजारच्या गावी जावं लागे. पत्र्याचा मोठा डबा, त्याच्या कड्यांतून काठी घालायची, पुढचं टोक माझ्या खांद्यावर आणि मागचं गोकुळच्या. तो माझ्या पाठचा, म्हणून मागं. आमच्या बापाचं नाव सांडू. आज्जीची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून काळाची नजर पडू नये असं हे टाकाऊ नाव ठेवलेलं. वाटेत पोरं चिडवायची, "सांडूचं दळण, सांडणारच!" मी रडायची. गोकुळ रडायचा नाही. त्यानं ते चिडवणं उचलून आपलंच करून टाकलं. ओढा उतरताना मी घाई केली की मागून म्हणायचा, "दमानं आक्का, सांडूचं दळण हाय, सांडू देऊ नको." पुढं फौजेत गेला तरी सुट्टीवर आला की आईची पाण्याची घागर उचलतानासुद्धा तेच.

दुसरं काही मला आठवत नाही. हे नसेल तर तसं सरळ लिहा. छातीवर म्हणून जगलो, तसं तेही सोसू.

रत्नमाला


औरंगपुरा
३ ऑगस्ट २०२५

रत्नमालाताई, सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र दुकानात उघडलं. वाचता वाचता मला रडू आवरेना. गिऱ्हाईक घाबरून परत गेलं. मोनिका पाणी घेऊन धावत आली.

‘दमानं. सांडूचं दळण हाय, सांडू देऊ नको.’ हेच. अगदी हेच.

इतकी वर्षं मला वाटायचं की थंडीनं आणि थकव्यानं त्या माणसाचं डोकं भ्रमलं असावं. मी काय दळण आहे? आणि हा सांडू कोण? पुढच्या पहाडी सोबत्याला तर काहीच कळायचं नाही, तो आपला दर वेळी विचारायचा, "क्या बोला?" त्यावर हे म्हणायचे, "कुछ नहीं, चल." आणि पुन्हा तेच. फाट्यावर एसटी थांबली आणि फ्लेक्सवर ‘गोकुळ सांडू’ वाचलं, तेव्हा मी जागेवरून असा उठलो की कंडक्टर ओरडला. पण एकदा फसलो होतो, म्हणून ओठ मिटून ठेवले.

तुमचा भाऊ पळत नव्हता, ताई. तो मला घेऊन येत होता. मुलगा, सून, दोन नातवंडं, हे दुकान, सगळं त्या दळणातलं आहे.

पंधरा तारखेला मी बोरटाकळीला येतो. तुम्ही सभेत काही बोलू नका. बहिणीनं भावाची बाजू घेतली तर लोक म्हणणार, घेणारच. आणि माझंही नुसतं बोलणं कोण ऐकणार? म्हणतील, म्हातारा कुठून तरी धरून आणला. मला फक्त दोन गोष्टी मिळवून द्या. एक बाज आणि एक कडुबा.

आपला,
रामकिसन


बजाजनगर
१८ ऑगस्ट २०२५

रामकिसनभाऊंना सप्रेम नमस्कार.

सुखरूप पोचलात ना? पंधरा तारखेला तुम्ही सगळं डोळ्यांनी पाहिलंत, पण ऐकलं काहीच नाही. म्हणून कोण काय बोललं ते लिहून पाठवते. तुमचा तेवढा हक्क आहे.

तुम्ही शाळेच्या चढावर बाज मांडून कडुबाला "झोपा" म्हणालात, तेव्हा मागं कुणीतरी म्हणालं, "हा कोण? ह्याला रत्नमालानं भाड्यानं आणला काय?" माझा हात शिवशिवला होता. कडुबा म्हणाला, "मी काय मेलोय का बाजेवर झोपायला?" पण तुम्हाला ऐकूच येत नाही म्हटल्यावर भांडणार कुणाशी? शेवटी झोपला बिचारा. तुम्ही मंडळातल्या दोन पोरांना दांडे धरायला लावलेत, पाय पुढं, डोकं मागं, आणि गावाला वर चढावर उभं केलंत. बाज उतारावरून निघाली. कडुबा ओरडला, "अरं दमानं, पाडता का मला! मागं बघ, कोण कोण हसतंय ते!" मागचा पोरगा म्हणाला, "तात्या, मागं बघितलं तर तुम्ही पडताल."

त्यानंतर कुणी हसलं नाही. तुम्ही वर उभ्या असलेल्या गावाकडे वळून मोठ्यानं विचारलंत, "काय दिसतंय?" एवढ्या मोठ्यानं की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. म्हाताऱ्या आवडाबाई बोलल्या, "पाठ दिसती की गं माय. दुसरं काय दिसंल?"

मग तुम्ही तुमची हकीकत सांगितलीत. दळणाचं वाक्य तुमच्या तोंडून आलं, तेव्हा आमच्या वयाची सगळी माणसं खाली बघायला लागली. त्या वाटेवर चिडवणारी पोरं म्हणजे तीच की! त्यात कडुबाही होता. तो बाजेवरून उठायला लागला, गुडघ्यानं उठवेना, तर तिथूनच म्हणाला, "ठराव घ्या. माझा हात धरा वर, समद्यांत आधी." नंतर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आक्का, म्या हात लावला तवा मला जे कळलं तेच म्या बोललो. उलटं कळलं." मी अजून त्याला माफ केलेलं नाही. पण चहा पाजला.

फ्लेक्सचंही कळलं. टपरीवाल्याचा पत्रा गळत होता म्हणून त्यानंच काढून वर टाकला होता. गोकुळचा फोटो आतल्या बाजूनं, म्हणजे चहा पिणाऱ्यांवर लक्ष ठेवून होता म्हणायचा. आणि मी अख्ख्या गावावर संशय घेऊन बसले होते.

आता खरं काम. निघताना तुम्ही आईजवळ बसलात. तिनं तुमचा हात धरून काहीतरी विचारलं आणि तुम्ही मान हलवून "हो, हो" म्हणालात. तुम्हाला वाटलं असेल, बरं आहे का म्हणून विचारते. मी लगेच सांगणार होते, पण तेवढ्यात एसटी आली.

तिनं विचारलं होतं, "गोळी लागल्यावर त्यानं तुला टाकलं का ठेवलं?"

तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, भाऊ. छातीवर, समोरून हे आमचं पाठ केलेलं उत्तर तिनं एक दिवसही खरं मानलं नव्हतं. तोंड पुसताना कपड्याचा पुढचा भाग कोरा होता, तो तिनं तेव्हाच पाहिला होता. आम्हाला बरं वाटावं म्हणून ती गप्प राहिली. तिला पळण्याचंही काही नाही. म्हणते, "जिवाच्या भेवानं लेकरू पळंल बी. पण हातातलं टाकून पळणारं माझं लेकरू नव्हतं." हे तिला कुणाकडून तरी ऐकायचं आहे, आणि ते सांगणारे जगात तुम्ही एकटेच आहात. तेव्हापासून रोज फोनवर विचारते, "त्या पाव्हण्याचं उत्तर आलं का?" टाकलं का ठेवलं, याला ‘हो, हो’ हे उत्तर होत नाही.

लवकर लिहा. जे घडलं तेच लिहा. तिला खोटं कळतं.

तुमची,
रत्नमाला


औरंगपुरा
२१ ऑगस्ट २०२५

रत्नमाला आक्का, सप्रेम जयभीम.

आईंना वाचून दाखवा.

आई, गोळी लागली तेव्हा मला फक्त एक धक्का कळला, स्ट्रेचरच्या दांड्यांतून आलेला. मला वाटलं आता मी गेलो, घसरणार दरीत. त्याची हनुवटी वर झाली आणि पुन्हा खाली आली. त्यानं पुढच्याला हाक दिली, "रुक." पुढचा थांबला. मग तो आधी एका गुडघ्यावर बसला आणि मग दुसऱ्या. डोक्याकडची बाजू खाली येत होती, ती इतकी हळू, की मला जमीन लागली ते कळलंसुद्धा नाही. दांडे टेकले तेव्हा त्यानं हात सोडले. त्याच्या आधी नाही. मग तो माझ्या डोक्याशी आडवा झाला, शिखराच्या बाजूला. पुढच्यानं मला तिथून ओढत खाली नेलं.

ठेवलं, आई. तुमच्या गोकुळनं ठेवलं. कणभर सांडलं नाही.

रामकिसन